मातीच्या चिमटीपासून मेलेल्या अळीपर्यंत: बीटी जिवाणूतली कीटकनाशक जनुकं कशी शोधायची

प्रकल्पाच्या अहवालात जेलचा (डीएनएचे तुकडे आकारानुसार वेगळे करणाऱ्या थराचा) फोटो असतो, त्यात अपेक्षित उंचीवर एक पट्टी चमकत असते आणि खाली ओळ असते: 'कीटकनाशक जिवाणू मिळाला.' एवढ्यावर विश्वास ठेवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पट्टीवरून इतकंच कळतं की त्या जिवाणूच्या डीएनएत ओळखीचा एक तुकडा आहे. ते जनुक चालू आहे का, त्यातून प्रथिन बनतंय का आणि बनलेलं प्रथिन अळीच्या पोटात काही करतंय का, हे प्रश्न तसेच राहतात.

याचा दाखला बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या कीटकनाशक जिवाणूच्या सर्वात जास्त वापरल्या गेलेल्या जातींपैकी एकीतच आहे. कुर्स्ताकी एचडी-१ या जातीत क्राय२एबी हे जनुक पूर्ण आहे, पण त्याच्या आधी चालणारा प्रमोटर, म्हणजे जनुक चालू करणारा डीएनएचा भाग, नाही. पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) केला तर पट्टी येते, हा जिवाणू बनवतो त्या विषारी प्रथिनांच्या स्फटिकात मात्र ते प्रथिन सापडत नाही. पुढे हेच जनुक योग्य प्रमोटर लावून कपाशीच्या वाणांत घातलं गेलं आणि तिथे ते उत्तम चाललं. जनुक निर्दोष होतं, फक्त गप्प होतं.

म्हणून खालची कृती चार पुराव्यांवर उभी केली आहे: स्फटिक, जनुक, प्रथिन आणि अळी. सूक्ष्मजीवशास्त्राची प्रयोगशाळा, पीसीआर यंत्र आणि कीटक वाढवण्याची थोडीफार सोय असेल, तर पदव्युत्तर प्रकल्पात हे सगळं बसतं.

आपण नेमकं काय शोधतोय

जपानमध्ये १९०१ साली शिगेताने इशिवाता यांनी रेशीमकीटकांना अचानक मारणाऱ्या रोगातून हा जिवाणू वेगळा केला. जर्मनीत एर्न्स्ट बर्लिनर यांना तो पिठातल्या पतंगाच्या अळीत मिळाला आणि थुरिंगिया प्रांतावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' हे नाव पडलं. आपण त्याला बीटीच म्हणू.

बीटी बीजाणू (कठीण काळात तगणारं सुप्त रूप) तयार करताना पेशीच्या एका बाजूला प्रथिनांचा स्फटिकही तयार करतो. त्यात मुख्यतः क्राय आणि काही जातींत साइट ही प्रथिनं असतात. अळीनं स्फटिक गिळला की तिच्या मध्य-आतड्यातल्या अल्कधर्मी रसात तो विरघळतो. पतंगवर्गीय अळ्यांत हा पीएच ९ ते ११च्या घरात असतो. मग अळीचीच पाचक विकरं प्रथिनाची टोकं छाटतात. उरलेला गाभा आतड्याच्या पेशींवरच्या कॅडहेरिन, अमिनोपेप्टिडेज-एन, एबीसीसी२ अशा ग्राहकांना चिकटतो आणि पेशीपटलाला छिद्रं पाडतो. अळी आधी खाणं सोडते, मरते नंतर. चाचणीच्या टप्प्यावर हा क्रम लक्षात ठेवावा लागेल.

ही जनुकं बहुतेक वेळा गुणसूत्रावर नसून मोठ्या प्लाझ्मिडांवर, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या वेगळ्या तुकड्यांवर, असतात. डासांच्या अळ्या मारणाऱ्या इस्राएलेन्सिस या उपजातीचं पीबीटॉक्सिस नावाचं प्लाझ्मिड सुमारे १,२८,००० बेसजोड्यांचं आहे आणि त्या एकावरच क्राय४एए, क्राय४बीए, क्राय१०एए, क्राय११एए, साइट१एए आणि साइट२बीए अशी जनुकं नांदतात. प्लाझ्मिड हरवू शकतं, हे पुढच्या प्रत्येक पायरीवर आठवत राहा.

पहिली पायरी: नमुने

माती वरवरची खरवडू नका. उन्हातल्या अतिनील किरणांनी पृष्ठभागावरचे बीजाणू लवकर मरतात, त्यामुळे पाचेक सेंटिमीटर खालची माती घ्या. मातीपेक्षाही चांगला स्रोत म्हणजे धान्यगोदामांतली धूळ. तिथे अळ्या असतात, ऊन-पाऊस नसतो, आणि बीटी तिथे मुक्कामाला असतो. पानांचा पृष्ठभाग, मेलेल्या अळ्या आणि त्यांची विष्ठा याही जागा तपासा. जिथे बीटीची फवारणी झालेली आहे तिथला नमुना टाळा, नाहीतर बाजारातलीच जात 'नवी' म्हणून हाती येईल.

एक इशारा गांभीर्यानं घ्या. बीटी, बॅसिलस सेरियस आणि काळपुळीचा म्हणजे अँथ्रॅक्सचा जिवाणू हे अगदी जवळचे नातलग आहेत, आणि खाली दिलेली उष्णतेची निवड तिघांनाही वाचवते. जनावरं पुरलेल्या किंवा अँथ्रॅक्सचा इतिहास असलेल्या जागेची माती आणू नका. वसाहतीची ओळख पटेपर्यंत जैवसुरक्षा कपाटातच काम करा. अल्कोहोलनं बीजाणू मरत नाहीत. टेबल पुसायला ताजं ब्लीचचं द्रावण आणि टाकाऊ मालाला ऑटोक्लेव्ह, याला पर्याय नाही.

दुसरी पायरी: निवड

१९८७ पासून रूढ असलेली अ‍ॅसिटेटची युक्ती अजूनही सगळ्यात सोपी आहे. एलबी माध्यमात (जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या पोषक द्रावणात) ०.२५ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट घालून पीएच ६.८ करा. अशा १० मिलि माध्यमात अर्धा ग्रॅम माती टाकून ३० अंश सेल्सिअसला चार तास हलवत ठेवा. अ‍ॅसिटेटमुळे बीटीचे बीजाणू अंकुरत नाहीत, पण इतर बरेच बीजाणू अंकुरतात. नंतर ८० अंशांना तीन मिनिटं तापवलं की अंकुरलेले मरतात आणि न अंकुरलेले तगतात. मग सौम्य करून थाळ्यांवर पसरा.

ही चाळणी पक्षपाती आहे. बीटीच्या काही जाती अ‍ॅसिटेट असूनही अंकुरतात आणि गळतात. त्यामुळे प्रत्येक नमुन्याचा एक भाग अ‍ॅसिटेटशिवाय, फक्त उष्णता देऊन लावा. काम दुप्पट होतं, पण वेगळ्या जाती हाती लागण्याची शक्यता तिथेच असते.

३० अंशांना २४ ते ४८ तासांत पांढरट, बिनचमकीच्या, सपाट आणि ओबडधोबड कडेच्या वसाहती दिसतील. बॅसिलस सेरियसच्या वसाहतीही हुबेहूब अशाच दिसतात, तेव्हा डोळ्यांवर भरवसा ठेवून काही फेकू नका.

तिसरी पायरी: सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक

या पायरीला लोक घाई करतात आणि नेमकी इथेच घाई महागात पडते. निवडलेली प्रत्येक वसाहत मँगनीज असलेल्या बीजाणू-माध्यमावर, म्हणजे टी३ किंवा तत्सम माध्यमावर, ३० अंशांना ४८ ते ७२ तास वाढवा. पेशी फुटून बीजाणू आणि स्फटिक मोकळे झाले पाहिजेत. अर्धवट वाढीत स्फटिक शोधणं म्हणजे डोळे शिणवणं.

फेज-कॉन्ट्रास्ट (रंग न देता पेशी ठळक दाखवणारी सूक्ष्मदर्शकाची सोय) असेल तर १००० पट मोठं करून बघा. बीजाणू लख्ख चमकतात, स्फटिक गडद दिसतात. फेज-कॉन्ट्रास्ट नसेल तर ५० टक्के अ‍ॅसेटिक आम्लात ०.१३ टक्के कूमासी ब्रिलियंट ब्लू विरघळवा, उष्णतेनं स्थिर केलेल्या काचपट्टीवर तीन मिनिटं ठेवा, धुवा, वाळवा आणि तेल-भिंगाखाली पाहा. स्फटिक गडद निळे होतात, बीजाणूंची फक्त कड रंगते आणि आतला भाग पोकळ वाटतो.

आकारावरून पहिला अंदाज बांधता येतो. पत्त्यांतल्या चौकटच्या एक्क्यासारखा, दोन्ही टोकांना निमुळता स्फटिक दिसला तर क्राय१ची शक्यता मोठी. त्याच्या शेजारी लहान घनाकृती असेल तर क्राय२. चपटा, चौकोनी पत्र्यासारखा असेल तर क्राय३, म्हणजे भुंगेरेवर्गीयांवर चालणारा. गोलसर, वेडावाकडा असेल तर डासांवरच्या जातींचा विचार करा. हा अंदाजच आहे. चौकटच्या आकाराचे स्फटिक असूनही कोणत्याच कीटकावर न चालणाऱ्या जाती निसर्गात भरपूर आहेत.

निळा ठिपका खरंच स्फटिक आहे की पेशीचा उरलेला कचरा, अशी शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. धुतलेल्या मिश्रणाचा एक थेंब पीएच १०.५च्या ५० मिलिमोलर सोडियम कार्बोनेटमध्ये, १० मिलिमोलर डीटीटी (प्रथिनातले गंधकाचे बंध तोडणारं रसायन) घालून, ३७ अंशांना तासभर ठेवा आणि पुन्हा रंगवा. क्राय१चे खरे स्फटिक विरघळून जातात आणि बीजाणू जागच्या जागी राहतात. दोन्ही काचपट्ट्यांचे फोटो शेजारी-शेजारी ठेवले की वाद उरत नाही.

स्फटिक दिसला की त्याच दिवशी ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांना साठा करा. पुन्हा पुन्हा थाळीवरून थाळीवर नेत राहिलात तर प्लाझ्मिड गळतं, आणि महिन्यांनी 'आधी स्फटिक होते, आता नाहीत' अशी तक्रार घेऊन बसावं लागतं. ४२ अंशांना वाढवल्यास अनेक जातींत ही गळती आणखी वाढते. तीच गोष्ट पुढे उपयोगाची आहे: मुद्दाम ४२ अंशांना वाढवून स्फटिक गमावलेली वसाहत निवडून ठेवा. जनुकाची पट्टी आणि विषारीपणा हे दोन्ही तिच्यातून एकदम गेले, तर जनुक प्लाझ्मिडावर आहे असं म्हणायला आधार मिळतो.

चौथी पायरी: डीएनए

बीजाणू सहजी फुटत नाहीत, त्यामुळे ताजी, रात्रभरच वाढलेली पेशी घ्या. नुसत्या चाळणी-पीसीआरसाठी वसाहतीचा कण पाण्यात मिसळून उणे ७० अंशांना वीस मिनिटं गोठवा, लगेच दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा, थोडं फिरवून वरचं पाणी वापरा. एवढं पुरतं.

सिक्वेन्सिंग करायचं असेल तर लायसोझाइमची (जिवाणूची भिंत फोडणाऱ्या विकराची) पायरी घालून एकूण डीएनए काढा. इ. कोलायसाठी बनवलेले प्लाझ्मिड किट इथे फसवतात. ते छोट्या प्लाझ्मिडांसाठी असतात, शंभर हजार बेसजोड्यांचं प्लाझ्मिड त्यांत तुटतं किंवा गाळासोबत निघून जातं.

पाचवी पायरी: पीसीआर

आधी नियंत्रणं जमवा. क्राय१ आणि क्राय२साठी कुर्स्ताकी एचडी-१, क्राय३साठी टेनेब्रिओनिस ही उपजात, क्राय४ आणि क्राय११साठी इस्राएलेन्सिस. नकारात्मक नियंत्रण म्हणून बिनस्फटिकाचा बॅसिलस सेरियस आणि डीएनएऐवजी नुसतं पाणी. शिवाय प्रत्येक नमुन्यावर सगळ्या जिवाणूंत असणाऱ्या १६एस जनुकाची एक वेगळी अभिक्रिया लावा. क्रायची पट्टी आली नाही तर जनुक नाही की डीएनएच खराब आहे, हे त्याशिवाय कळणार नाही.

मग गटनिहाय सार्वत्रिक प्रायमर, म्हणजे हव्या तुकड्याच्या टोकांना चिकटून प्रत सुरू करणारे डीएनएचे छोटे धागे. बेन-डोव्ह आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला संच आजही प्रचलित आहे. त्यात क्राय१ची जोडी सुमारे २७५ बेसजोड्यांचा तुकडा देते, क्राय२ची सुमारे ७००, क्राय३ची सुमारे ६०० आणि क्राय४ची सुमारे ४४०. मागवण्याआधी प्रायमरचा क्रम माहितीकोशातल्या जनुकांशी संगणकावर जुळवून बघा. कागदावरून उतरवताना एक अक्षर चुकलं तरी महिना जातो.

२५ मायक्रोलिटरच्या अभिक्रियेत ९४ अंशांना विलगीकरण, ७२ अंशांना विस्तार आणि ३० फेऱ्या हा नेहमीचा आराखडा. प्रायमर जोडण्याचं तापमान मात्र पुस्तकातून घेऊ नका. आपल्या यंत्रावर ५० ते ६० अंशांचा ग्रेडियंट एकदा चालवा, नियंत्रणाची पट्टी एकच आणि स्वच्छ येते ते तापमान धरा. जेल दीड टक्क्याचा, शिडी (आकार मोजायला शेजारी चालवलेले ओळखीच्या लांबीचे तुकडे) १०० बेसजोड्यांची.

आता पट्टी वाचण्याबद्दल. अपेक्षित उंचीवर ठळक पट्टी आली तर गट कळला, पुढे त्या गटातल्या एकेका जनुकाचे प्रायमर लावा. पट्टी थोडी वर किंवा खाली आली तर 'अविशिष्ट' म्हणून सोडून देऊ नका, कापून सिक्वेन्स करा, कारण नातलग पण वेगळं जनुक असं दिसू शकतं. आणि स्फटिक ठसठशीत असूनही एकही पट्टी आली नाही, तर तो नमुना सगळ्यात जपून ठेवा. सार्वत्रिक प्रायमर ओळखीच्या जनुकांवरून बनवलेले असतात. अनोळखी जनुक त्यांना दिसतच नाही.

व्हिप३साठी वेगळी अभिक्रिया लावायला विसरू नका. सुमारे ८८ किलोडाल्टनचं हे प्रथिन वाढीच्या काळातच बाहेर सोडलं जातं, स्फटिकात ते नसतं. फक्त स्फटिक धुऊन वापरणारा माणूस ते दरवेळी मोरीत ओतत असतो.

सहावी पायरी: सिक्वेन्सिंग आणि नाव

आशादायक जातींचा संपूर्ण जिनोम वाचून घेणं आता आवाक्यात आहे, पण बीटीच्या बाबतीत फक्त छोट्या वाचनांवर विसंबू नका. क्राय१एए, क्राय१एबी आणि क्राय१एसी एकाच पेशीत असू शकतात, त्यांचे लांबच लांब भाग एकसारखे असतात, आणि त्यांच्या आजूबाजूला आयएस२३१सारखे उड्या मारणारे घटक पुन्हा पुन्हा येतात. जोडणारा प्रोग्रॅम गोंधळतो, तिघांचं मिळून एक कडबोळं बनवतो आणि तुम्ही त्याला 'नवं जनुक' म्हणून मिरवता. लांब वाचनांची जोड दिली की प्लाझ्मिड पूर्ण गोलाकार जुळतं आणि हा धोका बराच कमी होतो.

मिळालेल्या क्रमाची तुलना बॅक्टेरियल पेस्टिसायडल प्रोटीन रिसोर्स सेंटरच्या कोशाशी करा. १९९८ साली ठरलेल्या नामकरणात अमिनो आम्लांच्या साम्यावरून चार पातळ्या आहेत: ४५ टक्क्यांच्या आत साम्य असेल तर पहिला आकडाच वेगळा, ४५ ते ७८ असेल तर मोठं अक्षर वेगळं, ७८ ते ९५ असेल तर लहान अक्षर, आणि त्याच्या वर फक्त शेवटचा आकडा. अलीकडे प्रथिनाच्या घडणीवरून नावांची फेरमांडणी झाली. तीन डोमेनची रचना असलेल्यांनाच आता क्राय म्हणतात. जुन्या लेखातलं क्राय३४ आता जीपीपी३४ आहे, क्राय३५ हे टीपीपी३५ आहे. बीटीबाहेरच्या लायसिनिबॅसिलस स्फेरिकसची बिनए आणि बिनबी ही डासांवरची जोडीही टीपीपी१ आणि टीपीपी२ झाली आहे. जुने आणि नवे लेख एकत्र वाचताना ही यादी शेजारी ठेवा. क्रमाबरोबर जनुकाच्या वरचा भागही तपासा: बीजाणू-काळात चालणारा प्रमोटर आहे का, वाचनचौकट मध्येच तुटली आहे का.

सातवी पायरी: प्रथिन

बीजाणू-स्फटिकांचं मिश्रण एक मोलर मिठाच्या पाण्यानं आणि मग थंड शुद्ध पाण्यानं, प्रथिनभंजक रोखणारं पीएमएसएफ घालून, दोन-तीनदा धुवा. वर सांगितलेल्या अल्कधर्मी द्रावणात विरघळवून एसडीएस जेलवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर) चालवा. क्राय१ची पट्टी सुमारे १३० किलोडाल्टनला येते, क्राय२ची ६५ ते ७०च्या दरम्यान, साइट१ए सुमारे २७ला. ही शेवटची पाहायची असेल तर बारा टक्क्यांचा जेल घ्या, आठ टक्क्यांत ती खालून निसटते. १३०ची पट्टी ट्रिप्सिन हे पाचक विकर दिल्यावर ६० ते ६५च्या आसपास येऊन थांबली, तर गाभा शाबूत आहे. पूर्ण चुरा झाला तर प्रथिन बिघडलेलं असू शकतं किंवा ट्रिप्सिन जास्त झालं असेल. प्रमाण बदलून पाहा.

आठवी पायरी: अळ्या

डोस मोजताना बीजाणूंची संख्या नको, प्रथिनाचं वजन घ्या. बीजाणू तेवढेच असले तरी स्फटिकांचं प्रमाण प्रत्येक वाढीत बदलतं. पतंगवर्गीय अळ्यांसाठी कृत्रिम खाद्याच्या पृष्ठभागावर ठरावीक आकारमान पसरून वाळवा, किंवा पानाच्या चकत्या बुडवून घ्या. अळ्या नुकत्या बाहेर पडलेल्या किंवा दुसऱ्या अवस्थेतल्या हव्यात, मोठ्या अळ्या फार सोसतात. दुप्पट-तिप्पट अंतरानं पाच ते सात डोस, प्रत्येकाला २४ अळ्या, तीन वेगवेगळ्या दिवशी केलेल्या फेऱ्या. एकाच दिवशी लावलेल्या तीन थाळ्या म्हणजे तीन फेऱ्या नव्हेत. शेजारी नुसत्या द्रावणाचं नियंत्रण आणि ओळखीच्या जातीचं प्रमाण.

नोंद पाचव्या ते सातव्या दिवशी घ्या, आणि फक्त मेलेल्या मोजू नका. जिवंत पण वाढ खुंटलेल्या अळ्यांचं वजन करा. खाणं थांबणं हाच या विषाचा पहिला परिणाम असल्यामुळे कमी डोसला ते आकडे जास्त बोलके असतात. डासांच्या अळ्यांची नोंद मात्र २४ तासांतच घेतात, एका कपात २५ अळ्या.

नियंत्रणातही काही अळ्या मरतातच. १९२५ पासून वापरात असलेलं अ‍ॅबटचं सूत्र त्यासाठी आहे. समजा नियंत्रणात ८ टक्के आणि डोस दिलेल्यांत ५४ टक्के मेल्या. ५४ मधून ८ वजा, ४६. त्याला १०० वजा ८ म्हणजे ९२ नं भागा. खरी मरतुक ५० टक्के. नियंत्रणातली मरतुक २० टक्क्यांवर गेली तर सूत्र लावू नका, ती फेरीच रद्द करा. उरलेल्या आकड्यांवर प्रोबिट विश्लेषण (डोस आणि मरतुकीचं नातं मांडणारी सांख्यिकी पद्धत) करून एलसी५०, म्हणजे निम्म्या अळ्या मारणारी मात्रा, काढा आणि ९५ टक्के विश्वासमर्यादा लिहा. मर्यादेशिवाय दिलेली एलसी५० मी तरी वाचत नाही.

एका जातीत तीन-चार जनुकं असतील तर विष नेमकं कुणाचं, हे या चाचणीतून कळत नाही. त्यासाठी एकेक जनुक बिनस्फटिकाच्या बीटी जातीत घालून वेगवेगळं तपासावं लागतं. इ. कोलायमध्येही करता येतं, पण तिथे घडी चुकलेल्या प्रथिनाचे गोळे बनतात आणि निकाल कमी भरतो. एकत्र परिणाम बेरजेपेक्षा जास्त असू शकतो हेही ध्यानात असू द्या: इस्राएलेन्सिसमध्ये साइट१ए स्वतः दुबळं असूनही क्राय प्रथिनांचा जोर वाढवतं आणि डासांत प्रतिकारशक्ती यायला उशीर लावतं.

नववी पायरी: नको असलेलं विष

काही बीटी जाती थुरिंजिएन्सिन नावाचं बीटा-एक्झोटॉक्सिन बाहेर सोडतात. ते प्रथिन नाही, उष्णतेनं नष्ट होत नाही आणि सस्तन प्राण्यांनाही घातक आहे. क्राय जनुकं कितीही देखणी असली तरी अशी जात फवारणीसाठी चालत नाही. परीक्षा सोपी आहे: वाढवलेल्या माध्यमातल्या पेशी फिरवून काढून टाका, वरचं पाणी १२१ अंशांना १५ मिनिटं ऑटोक्लेव्ह करा, आणि ते घरमाशीच्या अळ्यांच्या खाद्यात मिसळा. ऑटोक्लेव्हमध्ये क्राय आणि व्हिप ही प्रथिनं निकामी होतात. तरीही अळ्या मेल्या किंवा कोषातून माश्या बाहेर आल्या नाहीत, तर संशय पक्का समजा आणि एचपीएलसीनं (द्रावणातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या पद्धतीनं) खात्री करा. सोबत सेरियसकडून आलेल्या एचबीएल आणि एनएचई या आंत्रविष-जनुकांचीही नोंद करा. ती बहुतेक बीटी जातींत सापडतात, त्यामुळे नुसती असण्यानं जात बाद होत नाही, पण अहवालात लपवायचीही नाहीत.

ज्या इमारतीत रेशीमकीटक किंवा फुलपाखरं वाढवली जातात तिथे हे काम करू नका. प्रकल्प संपला की क्रम सार्वजनिक कोशात आणि जिवंत जात एखाद्या मान्य संग्रहालयात जमा करा. सोबत कोणत्या पिढीचा साठा आहे आणि त्या पिढीत स्फटिक पाहिले होते का, हे त्या कुपीवर लिहा.